सुभेदारांचा नळ

माझे वडील, आमचे आबा, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन ऊस करू लागले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पण सांगलीच्या हद्दीला टेकलेलं. कचेरीच्या कामाला साताऱ्याला जायचं आणि बाजाराला, दवाखान्याला, पोरींच्या सोयरिकीला सांगलीकडे, अशी गावाची रीत. मी शिकले सांगलीत, लग्न करून राहिले सांगलीत आणि नोकरीही तिथल्याच एका खाजगी प्रयोगशाळेत केली. अजून करते.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आबांनी घरामागे बोअर मारला. आईनं आयुष्यभर पिण्याचं पाणी मळ्यातल्या विहिरीवरून आणलं. ती असताना हे झालं नाही याबद्दल आबा कधी बोलले नाहीत. पण बोअरला पाणी लागल्यावर त्यांनी घरात नळ घेण्याआधी रस्त्याकडच्या भिंतीतून एक नळ बाहेर काढला आणि त्याखाली हंडा ठेवायला कडाप्प्याचा ओटा बांधला. गल्लीतल्या कुणीही यावं, भरून न्यावं. ग्रामपंचायतीचं पाणी दिवसाआड यायचं आणि पावसाळ्यात गढूळ असायचं. त्यामुळे बघता बघता सगळी गल्ली पिण्यासाठी आमच्याच भिंतीशी यायला लागली. लोक त्याला सुभेदारांचा नळ म्हणत.

बोअर नवा असतानाच मी त्याचा नमुना कॅनमध्ये भरून प्रयोगशाळेत नेला होता. पाणी चांगलं निघालं. क्षार थोडे जास्त, बाकी सगळं मर्यादेत. आबांनी तो रिपोर्ट प्लॅस्टिकमध्ये घालून नळाच्या वर भिंतीला लावला. लष्करातल्या माणसाला शिक्का असलेल्या कागदाचा भरवसा फार. वाचता न येणाऱ्या बायकांना ते स्वतः वाचून दाखवायचे, "हे बगा, पास हाय. माझ्या लेकीनं तपासलंय."

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा मुख्य काम द्राक्षांचं असायचं. परदेशी जाणारी द्राक्षं, तासगावचे बेदाणे, हळद, गूळ. फवारलेल्या औषधाचा अंश किती उरलाय ते बघायचं. जानेवारी ते मार्च आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. बागायतदार बाहेरच्या बाकावर बसून असत, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. पाण्याचं काम त्यामानानं कमी. पाणी तपासून आणा असं कुणी सांगितल्याशिवाय लोक पाणी तपासत नाहीत. द्राक्ष परत येतं, पाणी कुठून परत येणार?

ते सगळं घडलं तेही द्राक्षांच्या हंगामातच, नळ सुरू होऊन आठ-नऊ वर्षं झाल्यावर. दुपारी आबांचा फोन आला. ते कधी कामाच्या वेळी फोन करत नसत.

"मिरजेला हाय मी," ते म्हणाले. "काकींच्या नातवाला घिऊन आलोय. लेकरू निळं पडलंय."

काकी म्हणजे आमच्या शेजारच्या, आबा त्यांना वहिनी म्हणत. नवरा गेलेला, एकच मुलगी, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दीड-दोन महिन्यांचं असेल. आईला दूध पुरेना, म्हणून वरचं पावडरचं दूध सुरू केलं होतं. घरात पुरुषमाणूस नाही. बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले तशा काकी आबांकडे पळत आल्या आणि आबांनी जीप ठरवून सगळ्यांना आधी तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांना वाटलं, बाळाच्या हृदयाला भोक असावं. त्यांनी मिरजेला पाठवलं.

मी सुट्टी टाकून गेले. मुलांच्या वॉर्डाबाहेर काकी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. आबा शेजारी उभे होते, हात मागे बांधून, पहाऱ्यावर असल्यासारखे. बाळाचं हृदय ठीक निघालं होतं. पण रक्त काढलं तेव्हा ते लाल दिसलं नाही, चॉकलेटी दिसलं. ते बघून तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी काकींना विचारलं, "पावडर कुठल्या पाण्यात कालवता?"

"बोअरच्या," काकी म्हणाल्या. "पर तसं न्हाई देत मी. खळखळून उकळते, मग फडक्यानं गाळून, गार करून देते. धा-धा मिनटं उकळते."

"रोज?"

"हर टायमाला. पैलं लेकरू हाय बाई घरातलं."

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या केसपेपरवर काही तरी लिहिलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाण्यातलं नायट्रेट तपासायला लागेल. कुठे होईल लवकर?" मी म्हणाले, माझ्याकडेच होईल.

बाळाला शिरेतून एक औषध दिलं. ते औषधही निळ्याच रंगाचं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या ओठांवर रंग यायला लागला आणि तेव्हाच काकी पहिल्यांदा रडल्या. आबा मात्र तिथून निघून बाहेर रिक्षा उभ्या राहतात तिथं जाऊन थांबले.

दुसऱ्या दिवशी गावातून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेली पाण्याची बाटली माझ्याकडे पोचली. दिसायला अगदी स्वच्छ पाणी. नायट्रेटला रंग नसतो, वास नसतो, चव नसते; पण तान्ह्या बाळाच्या पोटात ते गेलं की रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. मशीनमधून प्रकाशाचा किरण पाण्यातून सोडायचा आणि तो किती शोषला जातो त्यावरून आकडा काढायचा, एवढंच ते काम. मी ते शेकडो वेळा केलेलं. पहिला आकडा आला तो मर्यादेच्या चौपटीच्या आसपास होता. मी काचेचं भांडं परत धुतलं, नमुना शुद्ध पाण्यानं पातळ करून परत लावला. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीला काही न सांगता तिच्याकडून करून घेतलं. तिचाही तेवढाच आला. ती म्हणाली, "कुठलं गं हे पाणी? कुणी पीत नाही ना?"

मी रिपोर्ट घेऊन मिरजेला गेले. डॉक्टरीणबाईंना दिला. मग आबांना घेऊन दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर बसले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "कुनी टाकलं आसंल? काय अंदाज?"

आबांचा बांधावरून एकाशी जुना वाद होता. त्यांच्या डोक्यात तोच होता हे मला कळलं.

"कुनी टाकलं न्हाई आबा. हे युरियाचं हाय."

"युरिया बोअरमदी कसा जाईल?"

"आपल्या बोअरच्या वरल्या अंगाला सगळा ऊसच हाय की. पाट सोडून पाणी देतात, त्याच्या आदी युरिया फेकतात. उसाला लागतो तेवढा ऊस घेतो. उरल्याला पाण्याबरोबर खाली मुरतो. आठ-नऊ वरसं मुरतोय."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बोअरच्या वरच्या अंगाला पहिलं शेत आमचंच होतं.  

मग आबा म्हणाले, "पर वहिनी तर उकळून देत हुत्या."

तेवढा प्रश्न त्यांनी विचारू नये असं मला वाटत होतं. मी सांगितलं. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, ते वाफेबरोबर उडूनही जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच्या तेवढं भांड्यात राहतं.

"रस आटवल्यागत," आबा म्हणाले. त्यांनी तरुणपणी गुऱ्हाळावर काहील सांभाळली होती.

"व्हय. तसंच."

"म्हंजे जेवडं जास्त उकळलं तेवडं..."

"थोडं वाढलं असंल. पर न उकळताबी ते पाणी वाईटच हुतं आबा. त्यांच्यामुळं झालं न्हाई."

ते उठले, पैसे दिले, रस्ता ओलांडून दवाखान्याच्या दाराशी पोचले आणि तिथं थांबून मला म्हणाले, "वहिनीला ह्ये सांगू नगंस. डाक्टरीणबाईंनाबी सांग, त्यांच्याम्होरं बोलू नका म्हनावं."

मी म्हणाले, "आबा, बाकीच्या बायकांना तर सांगायला पायजे."

"त्यांना सांग, उकळून फायदा न्हाई. वाढतंय आसं नगं सांगू. त्यांच्या कानावर जाईल." आणि मग, "पानी माझं हुतं. माझंच राहू दे."

बाळ बरं झालं. सासरचे लोक मिरजेलाच आले आणि बाळ-बाळंतिणीला तिथूनच घेऊन गेले. जाताना जावयाच्या आईनं काकींना सांगितलं, आता पोरगी तुमच्या गावात यायची नाही, भेटायचं तर तुम्ही या. हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, अगदी शांतपणे म्हटलं. ते त्यांनी पाळलंही. दिवाळीला नाही, राखी पौर्णिमेला तर भाऊच नव्हता, गावच्या जत्रेलाही नाही. काकी वर्षातून दोनदा पुण्याला, मुलीच्या सासरी जाऊन नातवाला बघून यायच्या. आल्या की दोन दिवस दार लावून घरात असायच्या.

गावी परतल्या त्याच दिवशी काकी आमच्या नळापाशी उभ्या राहून आबांना म्हणाल्या, "आवं सुभेदार, कागद लावलावता की भिताडाला. पास हाय म्हनून वाचून दावलावता आमाला." गल्लीतली माणसं दारात येऊन ऐकत होती. आबा म्हणाले, "व्हय वहिनी. लावलावता." एवढंच. त्या आपल्या घरात गेल्या. मग आबांनी तो रिपोर्ट काढला आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून नळ बुजवला. ओटा तसाच राहिला. त्यावर पुढं कुणी तरी गोवऱ्या वाळत घालायला लागलं.

गल्लीला ते रुचलं नाही. पाणी वाईट आहे हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण आपल्याला तर काही झालं नाही, असं प्रत्येकाचं म्हणणं. एका पोराचं निमित्त करून सगळ्यांचं पाणी तोडलं, असं लोक बोलायला लागले. मी सुट्टीला गेले तेव्हा आबांना म्हटलं, मोठ्या माणसांना लगेच काही होत नाही हे खरं आहे. तान्ह्या बाळांना आणि पोटुशी बायकांना जपायला हवं.

"मग नळावर काय लिवू?" आबांनी विचारलं. "म्हाताऱ्यांनी प्यावं, लेकरांनी पिऊ नये?"



त्यांनी ग्रामसभेत मला बोलवून घेतलं. देवळाच्या मंडपात चाळीसेक माणसं होती, बायका मागं. काकी आल्या नव्हत्या. मी माझ्या परीनं सोपं करून सांगितलं. युरिया किती टाकावा, कधी टाकावा, पाणी मोकाट सोडू नये, पिण्याचं पाणी वर्षातून एकदा तरी तपासावं. उकळून हे जात नाही, असंही सांगितलं. पुढचं वाक्य गिळलं. आबा कोपऱ्यात बसून माझ्याकडेच बघत होते.

लोकांनी ऐकून घेतलं. मग एकानं विचारलं, "युरिया कमी केला तर ऊस काय खाईल ताई?" लोक हसले. दुसरा म्हणाला, "तुमची मशीन कवा चुकत न्हाई का?" मी म्हटलं, चुकते, म्हणून दोनदा तपासलं. तो म्हणाला, "मग तिसऱ्यांदा बगा." सरपंच भला माणूस होता. त्यानं खटपट करून शाळेजवळ पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून घेतलं. ते एक उन्हाळा चाललं. मग त्याचा कुठलासा भाग बदलायचा होता, तो कुणी बदलायचा यावर तीन बैठका झाल्या, आणि यंत्राच्या खोलीला कुलूप लागलं.

आबांनी मात्र आपल्या शेतात युरिया टाकणं बंद केलं. शेणखत घातलं, हिरवळीच्या खतासाठी ताग गाडला, ठिबक बसवलं. पहिल्या वर्षी ऊस कमरेएवढा असताना शेजारच्यांचा डोक्याबरोबर होता. येता-जाता लोक विचारायचे, "सुभेदार, गवत लावलंय का काय?" माझा भाऊ तेव्हा सीमेवर होता. फोनवर तो आबांना म्हणायचा, तुम्ही एकट्यानं थांबून काय फरक पडणार आहे, वरचे थांबणार आहेत का? आबा म्हणायचे, "त्यांचं त्यांना. माझ्या रानातनं न्हाई जायाचं."

आणि दर हंगामाला ते माझ्याकडे नमुना घेऊन यायचे. एसटीनं, खांद्याला लष्करातली जुनी पिशवी, आत फडक्यात गुंडाळलेली बाटली. बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, गळ्यापर्यंत भरायची, उन्हात ठेवायची नाही, हे मी एकदा सांगितलेलं ते अचूक करायचे. बाहेरच्या बाकावर द्राक्षवाल्यांच्या रांगेत बसायचे. मी बाहेर आले की उभे राहायचे.

पहिल्या खेपेला आकडा जरासा उतरला होता. एवढ्या फरकाला आमच्या कामात काही अर्थ नसतो, पण मी त्यांना ते सांगितलं नाही. त्यांचा चेहरा बघून सांगवेना. त्यांनी त्या दिवशी माझ्या मुलांसाठी भडंग आणि पेढे घेतले. पुढच्या खेपेच्या आधीचा पावसाळा जोराचा झाला होता. जमिनीत अडकलेलं सगळं पावसानं खाली धुऊन नेलं असावं. आकडा पहिल्यापेक्षाही वर गेला होता.

त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. "मी तर एक चिमूट टाकलं न्हाई," ते म्हणाले.

"वरचे टाकतात की आबा. आणि आदी मुरल्यालं हाय त्ये अजून उतरतंय."

"किती वरसं उतरंल?"

"सांगता येत न्हाई."

"माज्या हयातीत?"

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी आधीच ओळखलं. "बरं," म्हणाले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "चारची गाडी मिळंल का?" मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वाटेत ते माझ्या धाकट्याच्या शाळेबद्दल विचारत राहिले. त्यानंतरही ते दोन वर्षं बाटल्या आणत होते, पण आकडा विचारायचं त्यांनी सोडलं. बाटली द्यायची, चहा घ्यायचा, जायचं. शेवटी शेवटी तेही थांबलं. गुडघे दुखतात म्हणाले.

मागल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी मळ्यातून आले, अंगणात खुर्चीवर बसले आणि तिथंच. भाऊ विमानानं पुण्याला आणि तिथून गाडी करून आला, तोवर संध्याकाळ होत आली होती.

तिसऱ्या दिवशी काकी आल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. खूप वाकल्या होत्या. माझ्याजवळ जमिनीवर बसल्या, माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "लय बोलले मी त्यास्नी. सगळ्या गल्लीम्होरं बोलले. पर कवा उलटून बोलले न्हाईत मला." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आमच्या लेकराचं पान्यानंच झालं हुतं न्हवं गं? तू शिकल्याली हाईस."

"पाण्यानंच झालं काकी," मी म्हणाले.

"मी लय जपलंवतं त्याला."

"माहीत हाय मला."

त्यांनी मान हलवली. भावाच्या बायकोनं चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. घरी मनिऑर्डर यायची आहे म्हणाल्या. आता मनिऑर्डर कुणाला येते? पण आम्ही थांबवलं नाही. नातू आता शाळेत जातो, हुशार आहे, असं जाता जाता दारातून म्हणाल्या.

भावाची नोकरी अजून बाकी आहे, म्हणून शेत वाट्यानं दिलंय. ज्यानं घेतलंय त्याला आबांची रीत परवडणारी नाही आणि तसं त्यानं आधीच सांगितलं होतं. मी वर्षश्राद्धाला गेले तेव्हा बांधावर युरियाची रिकामी पोती घड्या घालून दगडाखाली ठेवलेली होती. ऊस मात्र डोक्याच्या वर गेला होता, हिरवागार. भाऊ म्हणाला, "आबांनी बघितला असता तर..." आणि पायानं पोत्यांवरचा दगड सरळ केला.

गल्ली आता जारचं पाणी पिते. सकाळी छोटा टेम्पो येतो, दारादारात वीस लिटरचा निळा जार ठेवून जातो. कार्याच्या दिवशी आमच्याकडेही जारच आणले होते. मी टेम्पोवाल्याला विचारलं, पाणी कुठलं?

"फिल्टरचं हाय की ताई."

"फिल्टरला कुठनं येतं?"

त्यानं शेजारच्या गावाचं नाव सांगितलं. बोअर आहे म्हणाला. तिथंही चारी बाजूंनी ऊसच आहे. तपासून घेतलंय का विचारल्यावर त्यानं माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, "गार असतंय, लोकांची तक्रार न्हाई."

निघताना मी त्यातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. सांगलीला आल्यावर कामाच्या गर्दीत दोन दिवस ते फ्रिजमध्येच राहिलं, मग एका दुपारी लावलं. आकडा मर्यादेच्या आत होता, पण फार आत नाही. मी भावाला फोन करून सांगितलं, सध्या प्यायला हरकत नाही. तो म्हणाला, बरं झालं. मी त्याला म्हणाले, पुढल्या वर्षी परत एकदा बाटली पाठव. तो म्हणाला, बघू, मी तर तिथं नसतो, कुणाला तरी सांगून ठेवतो.